घरच्या सर्व्हर रूमला यूपीएस केवढा? आधी एसी बंद पडला तर काय होईल ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातली १० बाय १० फुटांची मोकळी खोली, त्यात ४२ यूचा रॅक (सर्व्हर एकावर एक बसवायचं माणसाएवढं उंच लोखंडी कपाट), सेकंडहँड घेतलेले आठ सर्व्हर, डिस्कचे दोन शेल्फ, स्विच, राउटर वगैरे, दीड टनाचा एक एसी लावायचं ठरलंय आणि लाइट गेल्यावर सगळं चार तास चालू राहायला हवंय, तर यूपीएस किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) घेऊ आणि बॅटऱ्या किती लावू.

मी गेली सोळा-सतरा वर्षं हीच कामं करतोय, आधी ऑफिसांच्या सर्व्हर रूम केल्या, नंतर घरच्याही बऱ्याच केल्या. यूपीएसचा आकडा देतो, पण तो शेवटी येईल, कारण तुमचं खरं दुखणं यूपीएस नाहीये, उष्णता आहे. सर्व्हरने ओढलेला जवळजवळ प्रत्येक वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत पडतो. तुमचं सामान तीन किलोवॅट ओढेल असं धरतो, तीन किलोवॅट आत घेतलीत की तीन किलोवॅट बाहेर काढावी लागते, रात्रंदिवस, लाइट असो वा नसो. तुम्ही चार तासांच्या बॅकअपमध्ये सर्व्हर धरलेत, एसी धरलाच नाहीत. म्हणजे लाइट गेल्यावर बंद खोलीत तीन किलोवॅटचा हीटर चार तास चालू ठेवायचा, असा प्लॅन झाला.

एक प्रसंग सांगतो, माझ्याच हातून झालेला. सुरुवातीची वर्षं होती. पाच सर्व्हरचा रॅक, चांगला ऑनलाइन यूपीएस (सर्व्हरना कायम आपल्यातूनच वीज देणारा, म्हणून लाइट जाताना खंड पडत नाही), नव्या बॅटऱ्या, एसी एकच. रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली ती फक्त मिनिटभर. सर्व्हरना त्याचा पत्ताही लागला नाही, यूपीएसने आपलं काम चोख केलं. लाइट परत आली पण एसी चालू झाला नाही, त्या मॉडेलला ऑटो रीस्टार्टच नव्हतं, रिमोटचं बटण दाबेपर्यंत तो तसाच बंद. सकाळी दार उघडलं तर तोंडावर भट्टीची हवा आली, भिंतीवरच्या थर्मामीटरवर ४७ अंश, सगळे पंखे फुल स्पीडला, दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. सर्व्हर वाचले. पण पुढच्या दोन महिन्यांत एकाच शेल्फमधल्या तीन डिस्क गेल्या, आणि तिसरी गेली तेव्हा आधीच्या डिस्कचं रिबिल्ड, म्हणजे तिच्यावरचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करणं, चालू होतं. त्या माणसाचे बरेचसे घरगुती फोटो त्यात होते, दुसरी कॉपी नव्हती. ते अजून विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून कुठल्याही खोलीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो की एसी बंद पडला तर ही खोली किती मिनिटं तग धरेल.

याचं उत्तर मोजून मिळतं, त्याला अंदाज लागत नाही. सर्व्हर नेहमीच्या लोडवर चालू ठेवा, खोली २४ अंशांवर आणा, एसी बंद करा, दार लावा आणि घड्याळ बघा. सर्व्हरच्या तोंडाशी, म्हणजे जिथून तो हवा आत ओढतो तिथे, ३५ अंश व्हायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. ३५ झाले की लगेच दार उघडा, एसी लावा, चाचणी संपली. तुमच्याएवढ्या खोलीत जेमतेम ३० किलो हवा असते, त्यामुळे कागदावर ती मिनिटाला सहा अंशांनी तापायला हवी. भिंती आणि लोखंड बरीच उष्णता शोषून घेतात म्हणून तसं होत नाही, पण तीन किलोवॅटला मी अशा खोल्यांमध्ये पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचेच आकडे बघितलेत. तो जो आकडा येईल तोच तुमचा खरा बॅकअप. बॅटरी चार तासांची लावा नाहीतर दहा तासांची, खोली वीस मिनिटांत तापत असेल तर बॅकअप वीस मिनिटांचाच आहे.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तुमच्याकडे सिंगल फेज आहे की थ्री फेज, खोली थेट गच्चीखाली आहे का, लाइट दिवसातून तीनदा जाते की महिन्यातून एकदा, आणि त्या आठ सर्व्हरवर नेमकं काय चालतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या प्रत्येकाने उत्तर बदलतं. म्हणून मी विचार कसा करायचा ते सांगतो, आकडे तुमचे घाला.

पहिलं म्हणजे लोड मोजा. पॉवर सप्लायवर ७५० वॅट लिहिलंय म्हणून सर्व्हर ७५० ओढत नाही, ती त्याची कमाल मर्यादा आहे. प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर मिळतो, तो घ्या आणि प्रत्येक मशीनचे तीन आकडे लिहा: नुसतं चालू असताना, पूर्ण लोडवर, आणि चालू होतानाचा. जुना दोन प्रोसेसरचा सर्व्हर रिकामा बसूनसुद्धा १५०-२०० वॅट सहज खातो. साडेतीन इंची डिस्क चालताना सहा-आठ वॅट घेते पण फिरायला सुरुवात करताना २० ते २५, म्हणजे २४ डिस्क एकदम उठल्या तर पाच-सहाशे वॅटचा झटका, तेवढ्यासाठी शेल्फमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये डिस्क एकामागून एक चालू करायचं सेटिंग असतं ते लावून टाका. तुमच्या सामानावरून मी सध्या कमाल ३००० वॅट धरतोय.

आणि मोजतानाच स्वतःला विचारा की आठ सर्व्हर लागतात का. २०० वॅटचं एक मशीन वर्षभर चालू राहिलं की १७५२ युनिट, वर त्याची उष्णता काढायला एसीचा साधारण एक तृतीयांश धरा. मी बघितलेल्या घरच्या रॅकमध्ये निम्मी मशीन्स बहुतेक वेळ नुसती बसलेली असतात. जास्त रॅम टाकलेली दोन मशीन्स आणि वर व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने चालवलेली अनेक मशीन्स), एवढ्यात बऱ्याच जणांचं सगळं काम बसतं. सल्ला आवडत नाही हे माहितीये, रॅक भरलेला बघायला मलाही आवडतं, पण इथे कमी केलेला प्रत्येक वॅट वायरिंग, यूपीएस, बॅटरी आणि एसी असा चार ठिकाणी वाचतो.

वायरिंग. २३० व्होल्टला १६ अँपियरचं सर्किट म्हणजे ३६८० वॅट, पण चोवीस तास चालणारा लोड सर्किटच्या ८० टक्क्यांच्या आतच ठेवायचा, म्हणजे साधारण २९०० वॅट. म्हणजे तुमचा ३००० चा लोड एका सर्किटवर बसवायचा विचारच सोडा. मुख्य डीबीपासून (घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डापासून) त्या खोलीपर्यंत एक जाड फीडर वायर, खोलीत छोटा वेगळा डीबी, त्यातून रॅकला दोन सर्किट, एसीला वेगळं, खोलीतल्या लाइट-प्लगला वेगळं. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि घराचा मंजूर लोड पुरतो का ते आधी तपासा, कारण एसी, गीझर आणि रॅक एकाच वेळी चालणार आहेत.

घरच्या सेटअपमध्ये सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे आरसीसीबी, करंट अर्थिंगला गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. प्रत्येक सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतो, त्यातून थोडासा करंट सतत अर्थिंगला जात असतो, सप्लायमागे साधारण एक मिलीअँपियरच्या आसपास. तो बिघाड नव्हे, त्याची रचनाच तशी आहे. पण आठ सर्व्हर, प्रत्येकाला दोन सप्लाय म्हणजे सोळा, वर शेल्फचे चार, झाले वीस मिलीअँपियर. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी नियमाप्रमाणे १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. मग होतं काय, सगळं महिनाभर व्यवस्थित चालतं आणि एक दिवस कुणीतरी त्याच लाइनवर वॉशिंग मशीन लावतं की सगळा रॅक बॅटरीवर. एका घरी याच कारणाने आधी यूपीएस बदलला, मग बॅटऱ्या बदलल्या, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, शेवटी लीकेज क्लॅम्प मीटर लावल्यावर १९ मिलीअँपियर दिसले. उपाय सोपा आहे, सर्किट वाटून घ्या म्हणजे प्रत्येक आरसीसीबीवर कायमचा लीकेज नऊ-दहा मिलीअँपियरच्या आत राहील, आणि इलेक्ट्रॉनिक लोडसाठी टाइप ए प्रकारचा आरसीसीबी घ्या. आरसीसीबी काढून टाकणं किंवा प्लगची अर्थिंग पिन तोडणं हे दोन्ही मी लोकांना करताना बघितलंय. कृपा करून करू नका. अर्थिंग तुटलं की तोच करंट रॅकच्या लोखंडी बॉडीवर येऊन बसतो आणि पुढचा हात तुमचा किंवा घरातल्या लहान मुलाचा असतो.

वायरिंग झाल्यावर एक काम माझ्यासाठी म्हणून करा. पूर्ण लोडवर दोन तास चालू द्या, मग इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन इलेक्ट्रिशियनसमोर डीबीतल्या, चेंजओव्हर स्विचच्या (लाइनवरून जनरेटरवर जायचा) आणि सॉकेटच्या प्रत्येक जोडावर धरा. एका ठिकाणी मला सगळे स्क्रू ३६-३८ अंशांवर मिळाले आणि एक न्यूट्रलचा ७१ वर. मेन बंद करून बघितलं तर स्क्रू जेमतेम पाव फेरा ढिला, पण वायरचं इन्सुलेशन टोकाशी तपकिरी होऊन कडक झालं होतं, नखाने दाबलं तर तुकडाच पडला. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) अशा वेळी ट्रिप होत नाही, कारण करंट जास्त नसतोच, फक्त जोड तापत असतो. आणि थ्री फेज असेल तर न्यूट्रल सुटणं याहून वाईट, २३० च्या लाइनवर पार चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, एका क्षणात सगळे सप्लाय जातात. म्हणून न्यूट्रलचे जोड महिन्याभराने पुन्हा एकदा तपासून घ्या, तांब्याची वायर थोडी बसते, स्क्रू ढिले होतात.

आता थंडावा. ३००० वॅट म्हणजे तासाला साधारण १०,२०० बीटीयू (उष्णतेचं माप), एसीचा एक टन म्हणजे १२,०००, म्हणजे दीड टनाचा एसी कागदावर पुरतो, गच्चीचं ऊन धरूनसुद्धा बहुतेक पुरेल. पण मी एक दीड टनाचा लावण्याऐवजी एक-एक टनाचे दोन लावतो, आळीपाळीने चालवायचे, एक बंद पडला तर दुसरा लोड सांभाळतो. घरचा एसी दिवसातले आठ-दहा तास चालेल अशा हिशोबाने बनवलेला असतो, त्याला वर्षभर चोवीस तास जुंपलं तर तो कधीतरी बसणारच, हे धरूनच चालायचं. विकत घेण्याआधी दुकानात उभं राहून प्लग काढून परत लावून बघा, आपोआप चालू होतो का. नाही झाला तर तो एसी कितीही चांगला असला तरी तुमच्या कामाचा नाही.

खोली फ्रीजसारखी गार करायची गरज नाही. अमेरिकेतली ॲश्रे ही संस्था सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सुचवते, मी २४-२५ वर ठेवतो. महत्त्वाचं काय, तर गार हवा रॅकच्या पुढून जावी आणि मागची गरम हवा परत पुढे येऊ नये. एसी रॅकच्या पाठीवर फुंकर घालतोय अशी मांडणी मी अनेक घरांत बघितलीये, तिथे खोली २२ दाखवते आणि वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी ३३. रॅकमधल्या रिकाम्या जागा ब्लँकिंग पॅनेलने बंद करा, पॅनेल नसेल तर पुठ्ठ्याने करून बघा, तापमान पडताना स्वतःच दिसेल, मग लोखंडी घ्या. थर्मामीटर रॅकच्या पुढे, वरच्या एक तृतीयांशात लावा, भिंतीवरचा काहीच सांगत नाही. एसीचं इनडोर युनिट रॅकच्या बरोबर वर कधीच नको, ड्रेन तुंबला की पाणी थेट सर्व्हरवर.

हे सगळं डोक्यात ठेवून आता यूपीएस आणि बॅटरी. ३००० वॅट चार तास म्हणजे १२ युनिट. पण सर्व्हर चालू तर एसीही चालू हवा, त्याचे साधारण १००० वॅट, म्हणजे झाले १६. कन्व्हर्जनमध्ये दहाएक टक्के जातात आणि लेड ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य झपाट्याने संपतं, म्हणून तुम्हाला ३५ युनिटच्या वर साठा लागेल. १२ व्होल्ट १०० एएचची (अँपियर-अवरची) एक बॅटरी म्हणजे १.२ युनिट. तीस बॅटऱ्या! एकेक जवळपास ३० किलोची, म्हणजे ९०० किलो. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० ते २०० किलो धरून केलेला असतो, आणि भरलेला रॅक स्वतःच कित्येकशे किलोचा. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर वजन बरंच कमी होतं, २०-२१ युनिटमध्ये भागतं, पण तरी तो एका खोलीपुरता छोटा वीज प्रकल्पच झाला. शिवाय एसीचा कंप्रेसर सर्व्हरच्या यूपीएसवर टाकायचा नाही, साध्या कंप्रेसरचा सुरुवातीचा झटका यूपीएसला ओव्हरलोडमध्ये ढकलतो, त्याला वेगळा इन्व्हर्टर किंवा जनरेटरच हवा.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर चार तास सगळं चालू ठेवण्याचा हट्ट सोडला असता. त्यातलं चार तास खरंच काय लागतं? बहुतेक घरांत इंटरनेट, राउटर, कॅमेरे आणि एखादं छोटं मशीन. तो लोड ३०० वॅटच्या आत बसतो. ३०० वॅट चार तास म्हणजे १.२ युनिट, त्याला वेगळा छोटा यूपीएस आणि त्याच १०० एएचच्या तीन बॅटऱ्या बास झाल्या, संख्या यूपीएसच्या व्होल्टेजप्रमाणे जुळवून घ्या. आणि ३०० वॅटची उष्णता एक साधा एक्झॉस्ट पंखा आणि थोडं उघडं दार सहज बाहेर काढतं, एसीची गरजच नाही. फक्त तो पंखाही त्याच यूपीएसवर असू द्या.

बाकीच्या मोठ्या लोडला ५ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घ्या, पण केव्हीए बघून नका घेऊ, आउटपुट वॅट बघा, ५ केव्हीए काहींचे ४००० वॅट असतात, काहींचे ४५००. ३००० चा लोड त्यावर ६७ ते ७५ टक्क्यांवर बसतो, तेवढी मोकळीक हवीच. बॅटरी १५-२० मिनिटांची पुरे, पण तुमच्या त्या घड्याळाच्या चाचणीत आलेल्या वेळेपेक्षा बंद करायचं काम आधी पूर्ण झालं पाहिजे. नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एका मशीनला यूपीएसची यूएसबी जोडायची, ते मशीन बाकीच्यांना सांगतं. मी असं लावतो: लाइट जाऊन तीन मिनिटं झाली की टेस्टची मशीन्स बंद, सहाव्या मिनिटाला व्हर्च्युअल मशीन्स, मग सर्व्हर, सगळ्यात शेवटी डिस्कचे शेल्फ. आणि याला समांतर एक तापमानाचा नियम, तोंडाशी ३५ अंश झाले की लाइट असली तरी हाच क्रम सुरू. त्या ४७ अंशांच्या रात्री एवढी एक ओळ लिहिलेली असती तर डिस्क वाचल्या असत्या.

लाइट परत आल्यावर सगळे सर्व्हर एकदम उठू देऊ नका. सर्व्हरच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पॉवर आल्यावर काय करायचं ते सेटिंग असतं, ते ऑफवर ठेवा आणि आधी शेल्फ, मग एकेक सर्व्हर दोन-दोन मिनिटांच्या अंतराने नेटवर्कवरून चालू करा, तोवर एसीलाही वेळ मिळतो.

दोन पॉवर सप्लायवाल्या सर्व्हरची एक वायर यूपीएसवर आणि दुसरी दुसऱ्या सर्किटवर देणार असाल तर एक लक्षात ठेवा, दोन्ही बाजू एरवी अर्ध्या लोडखाली हव्यात. दोन्ही ७० टक्क्यांवर असतील तर एक गेली की दुसरी १४० वर जाऊन पडते, मग दोन वायरींचा उपयोग काय?

बॅटऱ्यांची जागा गार ठेवा, लेड ॲसिडचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मं होतं, त्यामुळे रॅकच्या मागच्या गरम बाजूला त्या ठेवू नका, हवा खेळती असू द्या. स्मोक डिटेक्टर आणि दाराबाहेर कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवा, पावडरचा वापरला तर आग विझते पण सर्व्हर पावडरनेच जातात. जनरेटर घेतलात तर घराबाहेरच, खिडकीपासून लांब, आणि यूपीएसच्या वॅटच्या दीड ते दुपटीचा, छोट्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलली की यूपीएस ती वीज घेतच नाही.

आता तुम्ही तीन गोष्टी कळवा: वॅट मीटरने मोजलेला एकूण लोड, एसी बंद केल्यावर ३५ अंशांपर्यंत लागलेली मिनिटं, आणि घराला सिंगल फेज आहे की थ्री फेज. सध्या एसी लागलेला नसेल तर रॅकमधली तीनच मशीन्स चालू ठेवून चाचणी करा आणि तसं लिहा, त्यावरून बाकीचं काढता येईल. तोपर्यंत यूपीएसची ऑर्डर थांबवा.